बांधावरच्या माश्या आणि रानातलं पीक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परिसंस्थाशास्त्राची संशोधक. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांमध्ये फुलांवर कोण येतं, कधी येतं आणि त्याचा पिकाला काय उपयोग होतो, हा माझा अभ्यास. जाळी आणि वही घेऊन बांधावर उभी राहिले की येणारा-जाणारा थांबतो आणि काहीतरी विचारतो. कोरेगावात विचारतात तेच कवठेमहांकाळातही विचारतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

मॅडम, माश्या मोजून काय मिळतं?

पैसे म्हणाल तर बेताचेच. पिकाचं म्हणाल तर, काकडीचं सेटिंग, म्हणजे फळधारणा, एका रानात चांगली आणि शेजारच्या रानात कमी का, याचं उत्तर खत-पाण्यात सापडलं नाही की फुलाकडे बघावं लागतं. आणि फुलाकडे बघायचं तर तिथे कोण येऊन गेलं हे मोजावंच लागतं.

२००७ साली शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांचा आढावा घेतला होता. त्यांतल्या ८७ पिकांना कमी-अधिक प्रमाणात प्राण्यांकडून, म्हणजे मुख्यतः कीटकांकडून, होणारं परागीभवन लागतं. वजनाने मात्र ही पिकं जगाच्या अन्नउत्पादनाच्या ३५ टक्केच भरतात. मोठं ओझं गहू, भात, मका यांच्यावर, आणि त्यांचं वाऱ्यावर नाहीतर स्वतःच्या परागावर भागतं. माशी गेली तर भाकरी राहील, कालवण जाईल.

एवढा महाराष्ट्र सोडून हाच भाग का?

कारण इतक्या थोड्या अंतरात इतका फरक दुसरीकडे सहज मिळत नाही. महाबळेश्वरला वर्षाला ६,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला जेमतेम ५००. सांगलीत तेच: पश्चिमेला शिराळा आणि चांदोलीचं जंगल, पूर्वेला जत-आटपाडीचा माळ. शिवाय ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचं पाणी जिथे पोहोचलं तिथे काही वर्षांत कुसळी माळाचा ऊस आणि डाळिंब झालं. एकच तालुका, निम्मा ओलिताखाली, निम्मा कोरडा. प्रयोगशाळेत असा प्रयोग मांडायचा म्हटलं तर कुणी पैसे दिले नसते.

आमची पिकं ऊस, द्राक्ष, हळद, सोयाबीन. यांना कुठे माशी लागते?

नाही लागत. ऊस कांडीवर लावतो, हळद गड्ड्यावर. द्राक्षाच्या घडाला स्वतःचाच पराग पुरतो, सोयाबीनचंही बहुतेक तसंच, आणि हरभऱ्याचंही. कुणी तुम्हाला द्राक्षबागेत मधमाशीच्या पेट्या ठेवून उत्पन्न दुप्पट करून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

पण या पिकांचा माश्यांशी संबंध नाही असं मात्र समजू नका. मैलभर सलग ऊस म्हणजे माशीच्या दृष्टीने फूल नसलेलं मैदान. त्या मैदानाच्या मधोमध कुणी अर्धा एकर कारली लावली तर त्याच्या वेलीवर यायला माशी आणायची कुठून? तुमच्या उसाने त्याच्या कारल्याचं नुकसान होतं, आणि त्याला ते कळतही नाही. द्राक्षाचं वेगळं. तिथली फवारणी वाऱ्यावर बांधापलीकडे जाते.

मग कुठल्या पिकाला खरोखर लागते?

सगळ्यात आधी वेलवर्गीय. भोपळा, काकडी, कारलं, दोडका, दुधी, कलिंगड. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, आणि पराग जड व चिकट, त्यामुळे वाऱ्याने काम होत नाही. मादी फुलामागे आधीपासूनच बोटाएवढं इवलं फळ असतं. पराग पोहोचला नाही की ते पिवळं पडून गळतं, आणि पुरेसा पोहोचला नाही की काकडी एका बाजूने फुगते, दुसरीकडे आवळते. बाजारात वाकडी म्हणून बाजूला काढलेली काकडी पुष्कळदा पाहुण्यांची कमतरता सांगत असते.

डाळिंबात दोन तऱ्हेची फुलं येतात: घंटेसारखी नर फुलं, जी गळणारच, आणि बुडाशी फुगीर, ज्यांचं फळ होतं ती. या दुसऱ्या फुलांना माशीचा फायदा होतो. पाचगणी-महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं गणित आणखी बारीक आहे. तिच्या अंगावर दिसणारं प्रत्येक बी हे स्वतंत्र फळ आहे, आणि ज्या बीला पराग मिळाला त्याच्याभोवतीचाच गर फुगतो. काही बिया तशाच राहिल्या की फळ वेडंवाकडं होतं. सूर्यफुलाच्या मधल्या भागात पोचट दाणे राहतात त्यातही पाण्याच्या ताणाबरोबर परागाची टंचाई हे एक कारण असतं. कारळ्याला तर स्वतःच्या झाडाचा पराग चालतच नाही.

सीताफळाची तऱ्हाच न्यारी. त्याचं फूल आधी मादी म्हणून उमलतं, मग नर होतं, आणि आत शिरणारे असतात अगदी बारीक भुंगेरे. मधमाशीचा तिथे पाड लागत नाही. म्हणून तर आटपाडीकडचे काही बागायतदार ब्रशने हातपरागीभवन करतात.

वांग्याच्या प्लॉटमध्ये पेट्या ठेवल्या, काहीच फरक पडला नाही. पेट्या खराब होत्या का?

पेट्या चांगल्याच असतील. चूक माशीच्या निवडीत आहे. कृष्णाकाठच्या वांग्याला गिऱ्हाईक मुंबईपर्यंत आहे, पण त्याच्या फुलाकडे नीट बघणारे थोडे.

वांग्याचं फूल मध देत नाही. त्याच्याकडे फक्त पराग, आणि तोही पिवळ्या पुंकेसरांच्या नळ्यांत कोंडलेला. नळीच्या टोकाला बारीक भोक असतं. पराग बाहेर काढायचा तर फूल हलवावं लागतं, आणि तेही एका विशिष्ट थरथरीने. काही माश्या फुलाला लटकतात, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतात, आणि पराग पिठासारखा झडतो. जवळ कान नेला तर आवाज स्पष्ट ऐकू येतो: उडतानाच्या गुणगुणीपेक्षा चढा, तुटक. काळा भुंगा हे करतो, निळ्या पट्ट्यांची माशी करते, मातीत घर करणाऱ्या काही लहान माश्या करतात. मधमाशीला ही कला येत नाही, पेटीतल्या देशी सातेरीला नाही आणि बाहेरून आलेल्या मेलिफेरालाही नाही. टोमॅटोलाही हेच लागू.

वारा आणि माणसांची ये-जा यांनी वांग्याला थोडाफार पराग मिळतोच, म्हणून पीक पूर्ण बुडत नाही. शिवाय वांग्यात लांब, मध्यम आणि आखूड दांडीची (म्हणजे फुलातल्या स्त्रीकेसराच्या दांडीची) फुलं असतात. आखूड दांडीच्या फुलाला फळ धरत नाहीच, त्याचा दोष माशीला देऊ नये. पण लांब दांडीच्या फुलाला थरथरवणारी माशी भेटली तर फळधारणा आणि फळाचं वजन दोन्ही सुधारतं.

आता या माश्या येतात कुठून? मला या भागातली सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. माण, खटाव, जतच्या माळावरची तरवड तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या पिवळ्या फुलांचे पुंकेसर नेमके असेच, टोकाला भोक असलेले. बांधावरच्या काटेरिंगणीचेही तसेच, ती तर वांग्याची सख्खी बहीण. पावसाळ्यातला तरोटाही त्याच जातकुळीचा. म्हणजे वांगं नसतं त्या महिन्यांत तरवड आणि तरोटा या माश्यांना पोसत असतात. आणि वांगं मध देत नसल्यामुळे माश्यांना उडायला लागणारी साखर दुसरीकडून हवी: तुळस, एकदांडी, शेवगा, कोथिंबीर फुलावर सोडलेली एखादी सरी. बांध तणनाशक मारून स्वच्छ केला की वांग्याच्या प्लॉटची माशी गेली, आणि तिची भरपाई पेटीने होत नाही.

मधमाशी म्हणजे नेमकी कोणती? आम्हाला तर चार-पाच प्रकार दिसतात.

बरोबर दिसतात. उंच वडा-पिंपळावर किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच मोठं उघडं पोळं करणारी ती आग्या. झुडपात किंवा डाळिंबाच्या फांदीवर तळहाताएवढं पोळं करणारी ती फुलोरी. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत एकापाठोपाठ समांतर पोळी बांधणारी ती सातेरी, आणि हीच आपली पेटीत राहणारी देशी माशी. मेलिफेरा बाहेरून आली. भारतात ती पहिल्यांदा नीट रुजली १९६२ साली, नगरोटा बगवान इथे, जे आज हिमाचलमध्ये आहे. पाचवी अगदी चिमुकली, डंख नसलेली, भिंतीच्या फटीत मेणाची नळी काढून राहणारी.

आणि मग उरलेल्या. जगात माश्यांच्या २०,००० हून जास्त जाती आहेत, भारतात ७०० हून अधिक नोंदल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक एकेकट्या राहतात. ना राणी, ना पोळं, ना मध. एक मादी मातीत बीळ करते किंवा पोकळ काडीत शिरते, प्रत्येक अंड्यासाठी परागाचा गोळा ठेवते आणि तोंड बंद करते. गुलाबाच्या पानाला गोल कातरा दिसला तर कीड समजून फवारू नका, ती पानकापी माशी घराला अस्तर लावते आहे. गावाकडे यांतल्या बहुतेकींना नावच नाही, आणि ज्याला नाव नाही त्याची दखल सरकारी योजनेतही नसते.

आगे मोहोळ झाडावर आहे. काढायचं का?

शाळेच्या किंवा रहदारीच्या अगदी डोक्यावर असेल तर जाणकाराला किंवा वनविभागाला बोलवा. नाहीतर राहू द्या. आग्या स्थलांतरी आहे, हंगाम सरला की आपणहून जाते. धूर, तीव्र अत्तर, दगड आणि मोहोळघारीची झडप यांनी ती बिथरते. किल्ल्यांवर पर्यटकांना माश्या चावल्याच्या बातम्या येतात त्यामागे यांतलं काहीतरी असतंच. रात्री टेंभा लावून मोहोळ जाळणं ही मात्र शुद्ध नासाडी आहे. पिल्लं जळतात, माश्या मरतात, आणि मिळालेला मधही धुरकट.

काळा भुंगा वासे पोखरतो. मारू नये तर काय करू?

तक्रार रास्त आहे. हा भुंगा म्हणजे खरं तर मोठी माशीच, आणि तिची मादी वाळलेल्या लाकडात बोटभर रुंदीचं गोल भोक पाडून राहते. तिला तुमचा वासाच हवा असं काही नाही. पांगारा किंवा शेवग्याचा वाळका ओंडका बांधावर आडवा टाकला, पावसापासून थोडा आडोसा दिला, तर ती तिथेही राहते. घरच्या वाशांना तेल किंवा रंग दिला की तिथलं आकर्षण कमी होतं. अंगावर घोंघावत येतो तो बहुधा नर असतो, आणि नराला डंख नसतोच. शेवगा, तूर, वांगं, तरवड या सगळ्यांवर हिचंच राज्य आहे.

गुऱ्हाळावर आणि रसवंतीवर माश्याच माश्या असतात. मग कमी झाल्या म्हणता त्या कुठे?

हा प्रश्न मला कराडपासून शिराळ्यापर्यंत हमखास विचारतात. गुऱ्हाळावर गर्दी दिसते कारण आजूबाजूच्या माश्या एका जागी खेचल्या जातात. लग्नाच्या मांडवात गर्दी बघून गावाची खानेसुमारी करत नाहीत. शिवाय रसात साखर आहे, पराग नाही, आणि पिल्लांच्या वाढीला लागतो तो पराग. काकवीत आणि काहिलीत पडून मरतात त्या वेगळ्याच. रसाच्या भांड्यांवर जाळीचं झाकण आणि चोथा दूर टाकणं एवढ्यानेही त्यांतल्या बऱ्याच वाचतात.

खरोखर किती टक्के कमी झाल्या?

टक्केवारी सांगणाऱ्याला आधीचा आकडा विचारा. जर्मनीत संरक्षित क्षेत्रांमध्ये एकाच पद्धतीने २७ वर्षं सापळे लावले होते. तिथे उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन ७५ टक्क्यांहून जास्त घटल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालं. तो आकडा उचलून जत तालुक्याला चिकटवणं हा अभ्यास नाही. आपल्याकडे तसे जुने सापळे नव्हते. म्हणून आम्ही दुसरा रस्ता घेतो: आज, एकाच महिन्यात, झाडीजवळच्या आणि झाडीपासून लांबच्या रानांची तुलना. कॉफीवर कोडगूमध्ये, आणि जगभरातल्या अनेक पिकांवर, अशाच तुलना झाल्या आहेत. २०१३ साली ४१ पीकव्यवस्थांचा एकत्र अभ्यास आला त्यात एक गोष्ट ठळक होती: मधमाश्या भरपूर असल्या तरी रानमाश्या जास्त आल्या की फळधारणा वाढते. एकीचं काम दुसरी पूर्ण करत नाही.

माश्या संपल्या तर चार वर्षांत माणूस संपेल, असं आइनस्टाइन म्हणाले होते ना?

म्हणाले होते याचा कुठेही पुरावा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते फिरू दे. ज्वारी, गहू, तांदूळ राहतीलच, हे वर सांगितलं आहे. ताटात जीवनसत्त्वं आणणारी फळं-भाज्या आणि काही तेलबिया मात्र घटतील आणि महागतील. घाबरवण्यासाठी एवढं पुरेसं आहे, आइनस्टाइनला मध्ये आणायची गरज नाही.

फवारणी तर करावीच लागते. मग कधी करू?

‘संध्याकाळी करा’ हे उत्तर तुम्ही मेळाव्यात ऐकलं असेल. ते अर्धंच बरोबर आहे. काकडी, भोपळा, कारलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत त्यांचं काम संपतं. तिथे सूर्य मावळल्यावर फवारलं तर रात्रभरात औषध वाळतं आणि माश्यांना त्यातल्या त्यात कमी बाधतं. पण दोडका, दुधी आणि पडवळ यांची फुलं उमलतातच संध्याकाळी! त्यांवर येणारे पतंग आणि उशिरापर्यंत फिरणाऱ्या माश्या नेमक्या तुमच्या फवाऱ्यात सापडतात. या तिन्हींना सकाळी, रात्रीची फुलं मिटल्यावर फवारावं असं माझं मत. मग नवी फुलं उमलेपर्यंत औषध वाळायला दिवस मिळतो. शेजारच्या सरीत काकडी असेल तर मात्र पंचाईत आहे, आणि तिथे कीड खरोखर नुकसानपातळीवर गेली आहे का, हे आधी बघणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय.

दुसरं, वेळ पाळून भागत नाही अशीही औषधं आहेत. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन ही आंतरप्रवाही आहेत. बियाण्याला लावली किंवा ठिबकमधून सोडली तरी झाडात भिनतात आणि पराग-मकरंदात उतरतात. युरोपीय संघाने २०१८ साली या तिन्हींचा उघड्या शेतातला वापर थांबवला. निदान फुलोऱ्याच्या तोंडावर ती सोडू नका.

तिसरं, टाकीत चार औषधं एकत्र करण्याची सवय. ट्रायझोल गटातली काही बुरशीनाशकं पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांबरोबर मिसळली की मधमाशीला होणारी विषबाधा वाढते, हे प्रयोगांत दिसलं आहे. दुकानदार सांगतो म्हणून ‘एकाच पंपात’ उरकू नका.

डब्यावर हिरवा त्रिकोण आहे. म्हणजे माशीला सुरक्षित ना?

नाही. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे त्रिकोण सस्तन प्राण्यांना, म्हणजे पर्यायाने माणसाला, किती विषारी त्यावरून ठरतात. माशीचा त्यात विचारच नाही. डब्याबरोबरचं पत्रक वाचा, मधमाशीबद्दलची सूचना बहुधा तिथे बारीक अक्षरात असते.

बांध मोकळा ठेवला तर तण रानात येतं, शेजारी हसतो. काय ठेवू आणि काय काढू?

बांध हा आपल्याकडे मुळातच नाजूक विषय. दरवर्षी नांगर दोन बोटं पलीकडे सरकतो आणि त्यावरून दोन पिढ्या कोर्टात जातात. त्यामुळे रुंद बांध सोडा म्हणणाऱ्या संशोधकाला लोक काय म्हणत असतील याची मला कल्पना आहे. पण मला रुंदी नको, फक्त नांगर आणि तणनाशक यांपासून थोडी सुटका हवी. मातीत राहणाऱ्या माश्यांना उन्हातली, न खणलेली, थोडी उघडी जमीन लागते. बांधाचा दक्षिणेकडचा उतार यासाठी उत्तम. तिथे प्लॅस्टिकचं आच्छादन किंवा दर पंधरवड्याला ग्लायफोसेट हे तणनाशक म्हणजे घरावर सिमेंट ओतणं.

गाजरगवत काढा, त्याबद्दल वाद नाही. एकदांडी, तुळस, कुर्डू, तरोटा फुलू द्या, बी धरायच्या आत कापा. मग ते रानात पसरत नाही आणि माशीचंही भागतं. तरवड असेल तर तोडू नका. झाडं लावायची तर एकच जात ओळीने लावण्यापेक्षा वर्षभर आळीपाळीने फुलणारी लावा: शेवगा, करंज, कडुनिंब, बाभूळ, बोर, जांभूळ. बोरीबाभळीने पिकाला सावली पडते हे खरं, म्हणून त्या ओढ्याकाठी किंवा तालीवर. उसाचं पाचट आणि बांध पेटवून दिले की काड्यांत राहणारी पुढची पिढी त्यातच जाते. पाचट कुजवण्याचे फायदे कृषी विभाग जमिनीसाठी सांगतो, मी त्यात माश्यांचं एक कारण घालते.

शेततळं असेल तर कडेला पाण्यात अर्धं बुडालेलं गोणपाट सोडा. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत काठावरून पाणी प्यायला उतरलेल्या माश्या घसरून बुडतात.

कांद्याच्या बियाण्याला पेट्या भाड्याने घ्याव्यात का?

इथे मात्र हो. कांद्याच्या एका फुलात पराग आधी सुटतो आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे पराग दुसरीकडून आणावाच लागतो. अडचण ही की कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं आणि मधमाशीला तो फारसा आवडत नाही. जवळपास दुसरं काही फुललं असेल तर ती तिकडे जाते. म्हणून पेट्या फार आधी आणू नका. थोडे गोंडे उमलले की आणा, आणि एकरी दोनेक पेट्या धरा. फुलोरी माशी आणि पट्ट्यापट्ट्यांच्या फूलमाश्या कांद्यावर मनापासून काम करतात, त्यांना भाडं नाही. या फूलमाश्यांच्या अळ्या मावा खातात तो नफा वेगळा.

मधपाळाशी बोलताना फवारणीच्या तारखा आधी सांगा. पेट्या रानात असताना न सांगता फवारलं तर नुकसान त्याचं, आणि पुढच्या वर्षी तुमच्याकडे कोणी पेटी ठेवणार नाही.

मधासाठी पेट्या ठेवायच्या असतील तर?

मग महाबळेश्वर गाठा. खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय तिथे आहे, आणि जवळचं मांघर हे २०२२ च्या मे महिन्यात देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी यांच्यावर तिथली सातेरी जगते. माणच्या माळावर तेवढा मध मिळेल अशी आशा धरू नका. लांबून वसाहती विकत आणताना रोगाची खात्री करा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या पेट्या रिकाम्या केल्या होत्या.

कासला एवढी फुलं. तिथल्या माश्या आमच्या रानात येत असतील ना?

कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, फुलं अप्रतिम आहेत, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही असंच. लहान रानमाशी काही शे मीटरच्या पलीकडे जात नाही. सातेरी किलोमीटर-दीड किलोमीटर, आग्या त्याहून बरीच लांब. कोरेगावच्या दोडक्याला कोरेगावचीच माशी लागते.

रात्रीही परागीभवन होतं का?

होतं. पपईवर संध्याकाळी भिरभिरणारे मोठे पतंग पाहा. आणि भीमाशंकरच्या जंगलात एक मोठा भुंगा चक्क रात्री उडतो. तो चांदण्यांच्या प्रकाशातही रंग ओळखतो हे हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि त्यांच्या स्वीडनमधल्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं. वारस नावाचं झाड फळ धरतं ते या भुंग्याच्या जिवावर.

त्या पिवळ्या वाट्या कशासाठी ठेवता?

पिवळ्या, पांढऱ्या आणि निळ्या वाट्यांत साबणाचं पाणी असतं. माश्या फूल समजून येतात आणि बुडतात. हो, मरतात. त्याशिवाय बारीक जाती ओळखता येत नाहीत, त्यांचे पंख आणि पाय भिंगाखाली बघावे लागतात. म्हणूनच वाट्या थोड्याच वेळ आणि मोजक्याच ठिकाणी ठेवतो, बाकी काम फुलासमोर उभं राहून नुसतं मोजण्याचं. आग्या आणि भुंगा ओळखायला मारावं लागत नाही.

माझ्या रानात माशी कमी पडते का, हे मला स्वतःला कळेल का?

कळेल, आणि यंत्र लागत नाही. भोपळ्याची उद्या उमलणारी मादी कळी आदल्या संध्याकाळी ओळखता येते, टोक पिवळं झालेलं असतं. अशा कळ्यांचे तीन गट करा. पहिल्या गटाला जुन्या मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधा आणि फूल मिटेपर्यंत काढू नका. दुसऱ्याला काहीच करू नका, फक्त दोरा बांधून खूण ठेवा. तिसऱ्या गटाची फुलं सकाळी उमलली की ताजं नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचा पराग मादी फुलाला नीट चोळा. प्रत्येक गटात पंधरा-वीस फुलं तरी असावीत, आणि शक्यतो वेगवेगळ्या वेलींवरची.

आठवड्याने मोजा. पिशवीतली जवळजवळ सगळी गळतील. खरं बघायचं ते दुसऱ्या आणि तिसऱ्यातलं अंतर. दोन्ही सारखी धरली तर तुमच्याकडे माशी पुरेशी आहे, आणि फळ कमी असेल तर कारण खतात, पाण्यात किंवा रोगात शोधा. हाताने चोळलेली जास्त धरली तर माशी कमी पडते आहे. आम्हीही हेच करतो, फक्त जास्त रानांत आणि जास्त कंटाळा येईपर्यंत.

शाळेतल्या मुलांना यात घेता येईल का?

जरूर. चौथी-पाचवीची मुलं मोठ्यांपेक्षा चांगली मोजतात, कारण त्यांना मध्येच फोन येत नाही. एका फुललेल्या झुडपासमोर किंवा एक मीटर चौरस जागेत दहा मिनिटं बसायचं आणि फुलाला स्पर्श करणारेच किडे मोजायचे. नावं माहीत नसली तरी अडत नाही. वहीत रकाने असे आखा: आग्या, छोटी मधमाशी, काळा भुंगा, बारीक माशी, फूलमाशी, फुलपाखरू, इतर. तारीख, वेळ, ऊन की ढग, आणि फुलाचं गावातलं नाव. पाऊस नसावा, वारा फार नसावा, सकाळी नऊ ते अकराची वेळ बरी. आग्याच्या मोहोळाखाली मुलांना बसवू नका, आणि डंखाची अॅलर्जी असलेलं मूल असेल तर त्याला वहीचं काम द्या, पण लांबून. शून्य आलं तर शून्यच लिहायचं, हे मात्र गुरुजींनी दोनदा सांगावं. रिकाम्या रकान्यात मुलं दयेपोटी एखादं फुलपाखरू घालतात.